संत्र्याच्या बागेत तोडीच्या दिवसांत जाताय? या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या वरूडकडच्या (अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्याच्या पट्ट्यातल्या) घरांत फोन वाजायला लागतात. "काका, यंदा बाग पाहायला येऊ का? पोरांना झाडावरचं संत्रं तोडायचंय." या म्हणतो, पाहुणा कोणाला नको असतो? पण तोडीच्या दिवसांत बाग म्हणजे बगिचा नसतो, तिथे कामाची घाई असते. खालच्या बहुतेक चुका माझ्या पुण्याच्या मेहुण्याने केल्या आहेत. उरलेल्या मी स्वतः, तेव्हा त्याला एकट्याला हसू नका.

बाग कोणाची, हे न विचारणे

शेत काकांचं, झाडं काकांनी लावलेली, म्हणजे फळंही काकांचीच, असं वाटणं साहजिक आहे. पण आमच्याकडे बऱ्याच बागा फळ झाडावर असतानाच विकल्या जातात, काही तर त्याही आधी. व्यापारी येतो, ओळीतून फिरतो, अंदाज बांधतो, सौदा ठरतो, इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, दिला जातो. त्या दिवसापासून झाड शेतकऱ्याचं आणि त्यावरचं फळ व्यापाऱ्याचं. राखणीलाही बहुधा त्याचाच माणूस असतो.

मेहुण्याने काकांच्या बागेत हौसेने दोन पिशव्या भरल्या. बांधावर आला तर राखणदार उभा. "भाऊ, बाग इकली हाय न जी. हे संत्रे मोजून द्या लागतीन." काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पाहुण्यासमोर नाही म्हणवत नाही आणि दुसऱ्याचा माल देता येत नाही. शेवटी त्यांनी बाजूला जाऊन स्वतःच्या खिशातून पैसे दिले. मेहुण्याला हे मी दोन वर्षांनी सांगितलं.

म्हणून फोनवरच विचारा, "सौदा झाला का?" झाला असेल तर पुढचा प्रश्न, "घरासाठी झाडं ठेवली आहेत का?" बरेच शेतकरी एक-दोन झाडं सौद्यातून बाहेर ठेवतात, तिथे मनसोक्त तोडा. तीही नसतील तर व्यापाऱ्याच्या माणसाकडून भाव ठरवून विकत घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

महिना चुकवणे

नागपुरी संत्र्याला वर्षात दोन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे दोन हंगाम. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि तोड साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. मृग बहार पावसाच्या तोंडावर, जून-जुलैत फुलतो, त्याची तोड फेब्रुवारी ते एप्रिल. एकेका बागेत बहुधा एकच बहार धरलेला असतो. काटोलला मित्राच्या बागेत गेल्या मार्चमध्ये फळं खाल्ली म्हणून यंदाच्या मार्चमध्ये वरूड-मोर्शीच्या कोणत्याही बागेत शिरलात, तर नुसती पानं पाहून परताल. मृगाची तोड चालू असते तेव्हा काही झाडांवर आंबियाची फुलंही असतात. वासासाठी फांद्या हलवू नका, तुम्ही पुढच्या हंगामाचा माल झाडता आहात.

भल्या पहाटे पोचणे

दव, कोवळं ऊन, फोटो हे सगळं छान आहे. पण दव असताना संत्रं तोडत नाहीत. सालीतले तेलाचे बारीक कोष तेव्हा तट्ट भरलेले असतात. जरा दाबलं की फुटतात आणि ते तेल सालीलाच भाजतं. त्या वेळी काही दिसत नाही, डाग उठतात नंतर, माल दूरच्या बाजारात पोचेपर्यंत. पाऊस पडून गेल्यावरही तेच. म्हणून मजूर ऊन वर येईपर्यंत बांधावर चहा पीत बसलेले दिसले, तर "कामचुकार आहेत" म्हणू नका. मी म्हणालो होतो. नऊ-दहाच्या सुमारास या.

रंग पाहून तोडणे

सालीला केशरी रंग चढायला थंड रात्री लागतात. आंबियाचं फळ ऑक्टोबरच्या उकाड्यात आतून गोड झालेलं असतं आणि साल हिरवीच असते. शहरातला माणूस ते सोडून पिवळ्या ठिपक्याचं, अकाली रंग आलेलं, बहुतेक वेळा किडीने डसलेलं फळ तोडतो आणि "आंबट आहे हो तुमचं संत्रं" म्हणतो. हातात घेऊन वजन पाहा. जड लागलं आणि देठाजवळ साल किंचित सैल झाली असेल तर ते तयार आहे. उन्हाच्या बाजूची, वरची फळं आतल्या सावलीतल्यांपेक्षा गोड लागतात.

आणि "आंबट आहे, घरी ठेवून पिकेल" हा गैरसमज पार काढून टाका. संत्रं आंब्यासारखं आढीत पिकत नाही. तोडलं तेव्हा जी गोडी होती तीच राहणार. इथिलीन देऊन रंग आणतात तोही सालीपुरताच.

ओढून तोडणे

सैल सालीच्या फळाला हिसका दिला की देठाकडची साल फळावरून सुटते आणि तिथे भोक पडतं. त्या भोकातून बुरशी शिरते. कात्री मागून घ्या, देठ फळाला लागून कापा. लांब देठ ठेवला तर तो पिशवीत शेजारच्या फळाला टोचतो. कात्री नसेल तर जाणत्या माणसाला मुरडून तोडायला सांगा, स्वतः प्रयोग नको. खाली पडलेली फळं मुलांना उचलू देऊ नका. ती गळून पडली ती बहुतेक पतंगाने डसलेली किंवा सडकी असतात. शेवटची फवारणी कधी झाली तेही विचारा आणि फळ धुऊनच सोला. खोडातून सरळ वर निघालेल्या कोंबांना, म्हणजे पाणसोटांना, काटे असतात, तेवढं सांभाळा. ठिबकच्या नळीवर पाय देऊ नका.

गाडी थेट बागेपर्यंत नेणे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस एक रात्र जरी पडला तरी शेतांमधून जाणाऱ्या पांदण रस्त्याची काळी माती चाकाला असा लेप देते की टायरची नक्षी दिसेनाशी होते. वरून रस्ता सुकलेला दिसतो, खाली लोणी. गाडी डांबरी रस्त्यालगत, तोंड परतीच्या दिशेला करून उभी करा आणि चालत जा. संत्र्याचा ट्रक समोरून आला तर पांदणीत माघार तुम्हालाच घ्यावी लागते.

फसलातच, तर ॲक्सिलरेटर दाबून चाक फिरवत राहू नका. प्रत्येक फेरीत गाडी चार बोटं खाली जाते. उतरा, चाकापुढची माती खुरप्याने काढा आणि गतवर्षीची वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, कोणाच्या धुऱ्यावर (बांधावर) रचलेली असेल तर विचारून आणा. दोन्ही चाकांखाली आडवी घाला, मग हळू पहिल्या गिअरमध्ये. मागून ढकलणारे बाजूला उभे राहू द्या, नाहीतर अंगावर चिखल ठरलेला. तरी निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवा. डिझेलचे पैसे नको म्हणतील, तरी द्या.

घरी नेताना

प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून डिक्कीत टाकलेली संत्री नागपूर येईपर्यंत घामेजतात आणि तिसऱ्या दिवशी हिरवी-पांढरी बुरशी धरतात. शेतावरून जुना कॅरेट किंवा पुठ्ठ्याचा खोका मागा, तळाला वाळलेलं गवत घाला, दोन-तीन थरांपेक्षा जास्त रचू नका. घरी टोपलीत उघडी ठेवा. एक नासकं निघालं तर ते फेका, त्याला टेकलेली पुसून घ्या आणि आधी तीच खा.