चारमथचे अमोनाइट: वेचायचे कसे, अदलाबदल कशी करायची

इंग्लंडात असाल आणि फॉसिलचा, म्हणजे जीवाश्मांचा, नाद लागला असेल तर डॉर्सेटमधलं समुद्रकाठचं चारमथ गाठा, तेही हिवाळ्यात वादळ होऊन गेल्यावर, कारण तेव्हा दरडीतला चिखल लाटांनी धुऊन निघतो आणि सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीचे अमोनाइट (नामशेष समुद्री जीवांचे वेटोळे शंख) आणि बेलेम्नाइट (माखलीसारख्या नामशेष जीवांचे गोळीसारखे अवशेष) वाळूत सुटे पडलेले सापडतात. ओहोटीची वेळ आधी बघायची, पाणी उतरत असतानाच वेचायला निघायचं, आणि दरडीखाली अजिबात घुटमळायचं नाही, हातोडी तर तिच्यावर चालवायचीच नाही. बारीक वाळूखडीत पितळेसारखं चकाकणारं, नखाएवढं वेटोळं दिसलं की समजा पायराइटचा (लोह आणि गंधकाच्या चकचकीत खनिजाचा) अमोनाइट.

घरी आणून गोड्या पाण्यात भिजवा, मीठ निघू दे, मग खडखडीत वाळवा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवा. दमट कपाटात पायराइटची पांढरट भुकटी होते, मग रडून उपयोग नाही.

आता इतर संग्राहकांशी अदलाबदल. लेबल नसलेला फॉसिल म्हणजे नुसता दगड, असं माझं मत. जागा, खडकाचा थर, तारीख लिहाच. नाव येत नसेल तर चारमथच्या हेरिटेज कोस्ट सेंटरात दाखवा, काही दुर्मिळ मिळालं तर नोंदही तिथेच होते. डागडुजी केली असेल, गोंद लावला असेल तर आधीच सांगायचं, फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवायची. इंग्लंडातल्याच व्हिटबीचा डॅक्टिलिओसेरास (अमोनाइटचाच एक प्रकार) हवा असेल तर एका चकचकीत तुकड्यावर भागत नाही, चार-पाच द्यावे लागतात. पोस्टाने पाठवताना प्रत्येक नग वेगळा टिश्यूत गुंडाळा, लेबल मात्र वेगळ्या प्लास्टिक पिशवीत.