शॉर्टवेव्हचा शेक घेताय? या चुका टाळा

मान आखडली म्हणून मावशींना फिजिओथेरपीला नेलं. तिथल्या मुलीनं गळ्यातला साज उतरवायला सांगितला, तर मावशी म्हणतात, "साज काढाय मी काय गुजरीत आलोय व्हय?" (गुजरी म्हणजे कोल्हापूरची सराफ पेठ.) सगळे हसले, पण पहिली चूक हीच. शॉर्टवेव्ह म्हणजे 27.12 मेगाहर्ट्‌झच्या रेडिओलहरी. मध्ये धातू आला की त्यांचा जोर त्याच्याभोवती एकवटतो आणि लगतची कातडी भाजते. साज, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, पदराची खरी जर, सगळं बाजूला. श्रवणयंत्रसुद्धा.

दुसरी चूक जास्त घातक: "अजून वाढवा, सोसतंय की!" हा शेक गरम पाण्याच्या पिशवीसारखा बाहेरून आत झिरपत नाही. लहरींमुळे क्षारांचे आयन पुढंमागं होतात, पाण्याचे रेणू गरगरतात आणि उष्णता स्नायूतच तयार होते. त्या उष्णतेच्या तडाख्यात स्नायूतली प्रथिनं सापडतात. त्यांच्या घड्या नाजूक बंधांवर टिकलेल्या असतात. तापमान 45 अंश सेल्सिअसच्या वर रेंगाळलं की त्या उलगडतात, आणि उलगडलेली प्रथिनं एकमेकांना चिकटतात. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध घालून खळखळून उकळी आणली की तो फाटतो, मग गॅस बारीक करून उपयोग नाही. तसंच हे. वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं म्हणून बेताचा शेक सोसतो. हवीहवीशी ऊब वाटली की बास. चटक्याची खबर कातडी देते. खोल स्नायूला ती नीट देता येत नाही.

मधुमेहानं पाय बधिर झाले असतील तर कातडीचीही खबर येत नाही. म्हणून आधी गार-गरम पाण्याच्या नळ्या टेकवून तपासतात. तिथं अंदाजानं "गरम" म्हणून मोकळे होऊ नका. घाम टिपून घ्या. ओलसर जागी चटका आधी बसतो.

"मग मोबाईलनं मेंदू शिजत असेल," असं तिथंच एकजण म्हणाले. लहरींची जात एकच, पण मात्रा बघा. या यंत्रातून शेकडो वॅट निघू शकतात, फोनमधून सरासरी एक वॅटही नाही.

पेसमेकर असेल, दिवस गेले असतील, तर हा शेक नकोच. आणि कधीकाळी मोडलेल्या हाडात सळई किंवा प्लेट बसवली असेल, तर कुणी विचारायची वाट न बघता सांगा. वीस वर्षं झाली असली तरी ती आत आहेच.