कॅरव्हॅन सपाट उभी करायची तर: वऱ्हाडातल्या वावरापासून झाडीपट्टीतल्या बांधीपर्यंतची तयारी

तव्यावर चमचाभर तेल सोडलं आणि ते मधोमध न थांबता एका काठाला जाऊन साचलं, की जीपमागे ओढायची आपली कॅरव्हॅन तिरपी आहे असं समजावं. प्रश्न एका धिरड्याचा असता तर चालवून घेतलं असतं. पण डोकं खाली, पाय वर अशी झोप लागत नाही, बेसिनमधलं पाणी जाळीपर्यंत पोचत नाही, दार एक तर आपोआप उघडतं किंवा लागतच नाही. शिवाय गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर मामला आणखी नाजूक. त्या फ्रिजात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण उष्णतेने वर चढतं आणि उताराने आपोआप खाली येतं, त्यावरच थंडावा चालतो. फ्रिज कलता राहिला की ते द्रव एका कोपऱ्यात अडतं, तिथेच तापत राहतं आणि नळीत क्षार बसतात. एकदा नळी चोंदली की दुरुस्ती परवडत नाही. जुन्या घडणीच्या अशा फ्रिजांना आडवा कल साधारण 3 अंश आणि उभा 6 अंशांपर्यंत चालतो. कॉम्प्रेसरचा 12 व्होल्टचा फ्रिज असेल त्यांनी हा परिच्छेद विसरला तरी चालेल, झोपेचं मात्र त्यांनाही लागू आहे.

म्हणून यादीतली पहिली वस्तू पाणसळ, म्हणजे बुडबुड्यावरून पातळी दाखवणारी पट्टी. गवंड्याकडे असते ती फूटभराची पट्टी उत्तम. मोबाइलमधलं ॲप चालतं, पण मागचा कॅमेरा वर आलेला असल्याने फोन पाठीवर सपाट बसत नाही. कडेवर उभा धरून बघावा. कॅरव्हॅनला बाहेरून चिकटवायच्या दोन छोट्या बुडबुडेवाल्या नळ्या मिळतात, एक पुढच्या भिंतीला आणि एक बाजूला. त्या चिकटवण्याआधी घरी, फरशीवर, आत फ्रिजच्या तळाशी पट्टी ठेवून गाडी नीट सपाट करून घ्यावी आणि मगच बुडबुडा मध्यावर धरून नळी बसवावी. उलट केलं, म्हणजे आधी नळी चिकटवली आणि मग तिच्यावर भरवसा ठेवला, तर पुढची सगळी वर्षं गाडी सारख्याच चुकीने उभी राहते.

पाणसळीसोबत मोजपट्टी हवी, कारण किती उचलायचं हे डोळ्यांनी ठरवणारे तीन-तीनदा गाडी मागेपुढे करतात. हिशेब सोपा आहे. एक अंश कल म्हणजे दर मीटरला पावणेदोन सेंटिमीटर. जागेवर एक मीटरची सरळ काठी आडवी ठेवा, तिच्यावर पाणसळ, आणि खालचं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला. टोकाखाली फट 4 सेंमी निघाली आणि तुमच्या दोन चाकांमधलं अंतर 1.8 मीटर असेल, तर खालच्या बाजूचं चाक 7 सेंमीच्या वर थोडं उचलायचं आहे. आता फळ्या किती लागतील ते गाडी हलवण्याआधीच कळलं. हा उद्योग दोन मिनिटांचा आहे आणि अंधार पडायच्या आत करायचा आहे.

साहित्याकडे वळण्याआधी माती बघा. बाजारातली उपकरणं पक्क्या, खडी टाकलेल्या तळांसाठी बनलेली असतात, आणि आपल्याकडे तसा तळ क्वचितच मिळतो. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटबाहेर, लोणारला किंवा चिखलदऱ्याच्या वाटेवर गाडी उभी करायची तर बहुधा कुणाच्या तरी वावरात, ढाब्यामागे किंवा रिसॉर्टच्या मोकळ्या कोपऱ्यातच. तिथे खाली काय आहे यावर सगळं ठरतं.

वऱ्हाडात काळी कपाशीची माती. उन्हाळ्यात ती दगडासारखी कडक आणि भेगा अशा की हात आत जावा. जीपला जोडायची पुढची दांडी पेलणारा जॅक लावताना वाटतं, याहून पक्कं काय असणार? एक सर येऊ द्या. ही माती पाणी पिऊन फुगते, लोण्यासारखी मऊ होते आणि वर ठेवलेलं सगळं हळूहळू गिळते. आर्वीकडे एका मित्राच्या वावरात सोयाबीन निघाल्यावर आम्ही गाडी लावली होती. ऑक्टोबरचा शेवट, आभाळ स्वच्छ. सालदार येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, इथं नका लावू. पाणी आलं तं चाक खाली जाईन, मंग टॅक्टरनंच काढा लागते." मी हसलो. जॅकखाली हाताच्या तळव्याएवढी लोखंडी चकती, तिच्याखाली काही नाही. रात्री दीडला परतीचा पाऊस आला. पहाटे जाग आली ती वरणाचं पातेलं ओट्यावरून घसरल्याच्या आवाजाने. बाहेर जाऊन बॅटरी मारली तर जॅकची चकती दिसतच नव्हती. दांडा मातीत वीतभर उतरला होता आणि त्याच्याभोवती पाण्याचं गोल तळं. चौकट पिळल्यामुळे दार अर्ध्यावर अडलेलं, म्हणून मी बाहेर पडलो होतो तोही खिडकीतून. ट्रॅक्टर अर्थातच त्या सालदारानेच आणला.

तेव्हापासून माझ्या यादीत जॅकच्या आधी जॅकखालची फळी असते. हिशेब शाळेतलाच आहे: 10 बाय 10 सेंमीच्या चकतीखाली 30 बाय 30 ची फळी ठेवली तर तोच भार नऊपट जागेवर पसरतो. काळ्या मातीत 30 ची सुद्धा कमी पडते, मी पुढच्या जॅकखाली 45 ची ठेवतो. मिळाली तर काळी टाळाच. त्याच वावराच्या कडेला बरड किंवा मुरमाड पट्टा असतो, खळ्याची चोपलेली जागा असते, नाहीतर पांधणीच्या, म्हणजे शेतात जायच्या गाडीवाटेच्या, तोंडाशी ट्रॅक्टर वळवून वळवून दाबलेला भाग असतो. पांधण मात्र अडवू नका. सकाळी सहाला बैलगाडी येणारच.

पूर्वेकडे, भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत झाडीपट्टीत, प्रश्न वेगळा. तिथे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेली शेतं. बांधी आतून पाण्याने सपाट केलेली असते, त्यामुळे धान निघाल्यावर ती कॅरव्हॅनसाठी तयार तळच वाटते. पण आत शिरायचं तर धुरा, म्हणजे कडेचा मातीचा बांध, ओलांडावा लागतो. फूटभराच्या धुऱ्यावर लांब दांडीची गाडी पोटावर टेकते, आणि मागच्या बाजूला लटकणारा सांडपाण्याचा पाइप पहिला जातो. धुरा फोडू नये, तो कुणाच्या तरी हद्दीचा असतो आणि त्यावरून गावात पिढ्यान्‌पिढ्या बोलचाल बंद असते. दोन लांब फळ्या उताराला टाकून चढता येतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली मात्र कितीही सपाट जागा असली तरी नको: फुलं वेचायला पहाटे माणसं येतात, आणि त्यांच्याही आधी अस्वल.

आता चाक उचलायचं कशावर. तीन प्रकार आहेत. पहिला, एकात एक अडकणारे प्लास्टिकचे चौकोनी ठोकळे, एकेक साधारण इंचभर जाडीचा. हलके, हवे तसे रचता येतात. पण तीन थर रचायचे तर खाली तीन, त्यावर दोन, त्यावर एक असा जिना करावा लागतो, एका बाजूलाच सहा ठोकळे गेले. आणि सालभर टपावर उन्हात राहिले की विदर्भातला मे महिना त्यांना ठिसूळ करतो. वापर नसेल तेव्हा सावलीत ठेवावेत. दुसरा, पायऱ्यांचा उतार, म्हणजे रॅम्प. गाडी हव्या त्या पायरीपर्यंत चढवायची आणि थांबायचं. खडीवर चांगला, मऊ मातीत त्याची पुढची धार रुतते, म्हणून खाली फळी हवीच. तिसरा, केळीच्या आकाराचा वक्र ठोकळा, ज्यावर चाक जसं पुढे जाईल तशी गाडी अलगद वर येते, आणि बुडबुडा मध्यावर आला की मागून पाचर सारायची. साधारण 10 सेंमीपर्यंत उचलतो. एका आसाच्या गाडीला माझी पसंती याला. दोन आसांच्या गाडीत मात्र एका बाजूची दोन्ही चाकं सारखी उचलायला हवीत, आणि जवळजवळच्या दोन चाकांमध्ये हा ठोकळा मावतो का ते विकत घेण्याआधी मोजा.

आणि चौथा प्रकार कुठल्याच दुकानात नाही: आरा मशीनवर कापून घेतलेल्या बाभळीच्या फळ्या. ज्या लाकडाची बैलगाडीची चाकं होत आली त्याला तुमच्या कॅरव्हॅनचं काय ओझं? दोन फूट लांब, 25 सेंमी रुंद, 4 सेंमी जाड अशा आठ. टोकं तिरपी तासून घ्यायची म्हणजे चाक सहज चढतं. आंब्याचं लाकूड स्वस्त म्हणून घेऊ नका, दोन पावसाळ्यांत कुजतं. टायर फळीवर पूर्ण बसला पाहिजे, रुंदीतही आणि लांबीतही; अर्धा लटकता राहिला तर त्याची बगल दबते आणि ते नुकसान वरून दिसत नाही. प्रत्येक फळीला एका टोकाला भोक पाडून नायलॉनची दोरी बांधा, कारण चिखलात बसलेली फळी बोटांनी निघत नाही. आठ फळ्यांचं वजन चाळीस किलोच्या आसपास भरतं. ते ओढणाऱ्या जीपमध्ये ठेवा. कॅरव्हॅनच्या मागच्या टोकाला ठेवलंत तर पुढच्या दांडीवरचा भार कमी होतो आणि हायवेवर गाडी शेपूट हलवायला लागते.

एक फुकटचा उपाय: खालचं चाक उचलण्याऐवजी वरच्या चाकाखालची जमीन थोडी खरवडायची. कुदळ आणि फावडं त्यासाठी. मुरमात झकास, काळ्या मातीत कधीच नाही, त्या खड्ड्यात पाणी साचून चाकाचा रांजण होतो. आणि मालकाला विचारून.

चाकांना लावायचे गुटके चार. लाकडाचे किंवा जाड रबराचे, खायचे नव्हेत. रस्त्यावरचा दगड तात्पुरता म्हणून लावतात आणि तोच निसटतो. मी गुटक्यांना तांबडा रंग मारला आहे, गवतात दिसतात. त्यांच्याबाबत एकच नियम कडक पाळतो: आडवी पातळी जुळली की दोन्ही चाकांना पुढून-मागून गुटके, आणि ते लागल्याशिवाय दांडी जीपच्या बॉलवरून, म्हणजे ती जिथे अडकते त्या गोळ्यावरून, सोडायची नाही. आडवं आधी, उभं नंतर, हा क्रम उलटत नाही. आडव्याला गाडी चाकावर हलवावी लागते, उभ्याला फक्त पुढचा जॅक फिरवायचा असतो. त्यामुळे उतारावर गाडी लावताना कल शक्यतो लांबीत घ्यावा, रुंदीत नको.

पुढचा जॅक घेताना त्याची चाल बघा, म्हणजे पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर यांतलं अंतर. पुढची बाजू उताराला असेल तर लहान चालीचा जॅक संपतो आणि गाडी अजून नाक खाली घालूनच असते. मग खाली ठोकळा हवा. छोटं चाक असलेला जॅक अंगणात ढकलायला बरा, वावरात ते चाक रुततं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असतो तसा आट्यांचा स्टँड तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडे बनवून घेतला तर तो जन्मभर टिकतो, आणि बिघडला तर कुठल्याही गावात दुरुस्त होतो. आट्यांना ग्रीस, धूळ बसू नये म्हणून वर जुन्या ट्यूबचा तुकडा.

चार कोपऱ्यांचे पाय शेवटी. त्यांचं नाव काहीही असो, ते गाडी उचलायचे नाहीत, फक्त डुलणं थांबवायचे आहेत. जमिनीला टेकले की अर्धा फेरा आणखी, बस. त्यांच्यावर गाडी पेलणाऱ्याची चौकट वाकते आणि खिडक्यांच्या कडेने पाणी गळायला लागतं. एप्रिल-मेच्या वावटळीत हे पाय नसतील तर आत होडीत बसल्यासारखं वाटतं. त्यांच्याखालीही फळीचे तुकडे. बटण दाबलं की आपोआप सपाट करणारे हायड्रॉलिक पाय ज्यांना परवडतात त्यांनी खुशाल घ्यावेत. माझ्या मते आपल्या मातीत ते चार महागडे खुंटे आहेत, आणि खाली फळी ठेवायला उतरावं लागतंच.

किरकोळात हातमोजे, डोक्याला लावायची बॅटरी, हातोडी, हवेचा गेज, आणि एक भक्कम पाट. पाट यासाठी की खालच्या बाजूला दार आलं तर चाक उचलल्यावर पायरी गुडघ्याएवढी उंच होते, आणि सोबत आई असेल तर ती पहिल्यांदा तेच बोलते.

निघताना सगळं उलट्या क्रमाने: आधी कोपऱ्याचे पाय वर, मग दांडी बॉलवर बसवून कुलूप, मग गुटके, मग गाडी फळ्यांवरून उतरवायची आणि दोऱ्या ओढून फळ्या मोजायच्या. माझ्याकडे सध्या सात आहेत. आठवी आर्वीच्या त्या वावरात राहिली. सालदाराने तिचा विहिरीवरच्या मोटरपंपाखाली टेका केला आहे, आणि मागायला मला तोंड नाही.