आवाज जातो, येतो : घरी बांधलेल्या अँप्लिफायरमधला लपंडाव कसा पकडावा

घरी बांधलेल्या अँप्लिफायरचा एक चॅनेल कायमचा बंद पडला, तर दोष शोधणे तुलनेने सोपे असते, कारण तो जागचा हलत नाही आणि मल्टिमीटर घेऊन बसले की तासाभरात हाती लागतो. डोकेदुखी ठरतो तो मध्येच गप्प होणारा आणि आपल्या मर्जीने परत येणारा चॅनेल. झाकण उघडताना बोर्डाला हात लागतो, एखादी वायर किंचित हलते आणि पुढचे दोन दिवस तो शहाण्यासारखा वाजत राहतो. आपण मात्र दुरुस्ती झाली असे समजून मोकळे होतो. म्हणून या कामात एक पथ्य पाळावे: दोष हवा तेव्हा घडवून आणता येईपर्यंत सोल्डरिंग आयर्न गरम करू नये.

हे पथ्य मी स्वतः मोडून शिकलो. एलएम३८८६ या पॉवर अँप्लिफायर चिपभोवती बांधलेल्या माझ्या अँप्लिफायरचा डावा चॅनेल रात्री हळू आवाजात ऐकताना अचानक गप्प होत असे. ड्राय सोल्डर (नीट न धरलेला किंवा भेगाळलेला सोल्डरचा जोड) असणार असे गृहीत धरून मी बोर्डावरचा जवळजवळ प्रत्येक जोड नव्याने केला. तीन दिवस सगळे सुरळीत चालले आणि चौथ्या रात्री पुन्हा तेच. दोष त्या बोर्डावर नव्हताच, तो स्पीकरच्या रिलेमध्ये, म्हणजे बिघाड झाल्यास स्पीकर तोडणाऱ्या विजेवरच्या स्विचमध्ये होता. दुरुस्तीच्या काळात अँप्लिफायर अनेकदा चालू-बंद केल्यामुळे रिलेचे संपर्क आपटून, घासून तात्पुरते स्वच्छ झाले होते. त्या खटाटोपात एका पॅडचा तांब्याचा थर मी उखडला, तो वेगळाच.

आधी ऐकून घ्यावे

झाकण उघडण्यापूर्वी दोन-तीन दिवस फक्त निरीक्षण करावे आणि ते कागदावर लिहून ठेवावे. चॅनेल थंड असताना जातो की अर्ध्या तासाने, हळू आवाजात की मोठ्या, आणि परत येतो तो आपोआप, टकटक केल्यावर, की आवाज वाढवल्यावर, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी करतात.

जाण्याची पद्धतही बोलकी असते. सिग्नलचा मार्ग तुटला तर बहुधा शांतता पसरते. इनपुटच्या बाजूची ग्राउंड तुटली तर गाण्याऐवजी जोरदार गुणगुण ऐकू येते. खरखर करत जाणारा आवाज घासल्या जाणाऱ्या संपर्काकडे, म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोल, सिलेक्टर स्विच किंवा सॉकेटकडे बोट दाखवतो. आवाज पूर्ण न जाता एकदम बारीक, पण बऱ्यापैकी स्वच्छ होत असेल, तर फीडबॅकच्या (आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परत नेणाऱ्या) साखळीतला ग्राउंडकडे जाणारा रेझिस्टर किंवा त्याच्या सोबतचा कपॅसिटर सुटत असण्याची शक्यता मोठी आहे. २० किलोओहम आणि १ किलोओहम अशी जोडी असलेल्या स्टेजचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, २१ असतो. त्यातला १ किलोओहमचा मार्ग तुटला की गेन १ वर येतो आणि आवाज सुमारे २६ डेसिबलने खाली जातो. (एलएम३८८६ सारखी चिप १० पेक्षा कमी गेनला स्थिर राहत नाही, त्यामुळे अशा वेळी ती आंदोलने करून तापूही शकते.) दर काही सेकंदांनी तुटत-तुटत वाजणारा चॅनेल मात्र चिपच्या उष्णता-संरक्षणाचा संशय जागवतो.

यानंतर अदलाबदल करावी. प्रथम अँप्लिफायरच्या इनपुटला येणाऱ्या डाव्या-उजव्या केबल एकमेकींच्या जागी लावाव्यात. गप्प होणारी बाजू बदलली, तर दोष केबलमध्ये किंवा त्यामागच्या उपकरणात आहे, अँप्लिफायर उघडण्याची गरज नाही. बाजू तीच राहिली, तर अँप्लिफायर बंद करून स्पीकरच्या वायर अदलाबदल कराव्यात. त्यातूनही सुटका झाली नाही, तर आत प्रीअँप आणि पॉवर अँपच्या बोर्डांना जोडणाऱ्या वायरवर हाच प्रयोग करावा. येथे एक खाचखळगा आहे: प्रत्येक अदलाबदलीत प्लग ओढला आणि खुपसला जातो, आणि तेवढ्यानेच दोष काही काळ नाहीसा होऊ शकतो. म्हणून एक बदल करून, दोष पुन्हा दिसेपर्यंत थांबून, मगच निष्कर्ष काढावा. एका संध्याकाळी तीन बदल केले तर त्या तिन्हींचा अर्थ हातचा जातो.

उघडण्यापूर्वी

प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ऊर्जा शिल्लक असते. ३५ व्होल्टला भरलेल्या १०,००० मायक्रोफॅरडच्या एका कपॅसिटरमध्ये ती ६ जूलच्या आसपास भरते. तो स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नये. १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी त्यावर लावावा, पाच-सहा सेकंद थांबावे आणि व्होल्टेज १ व्होल्टच्या खाली आल्याची मीटरवर खात्री करून घ्यावी. दुसऱ्या रेलच्या (धन आणि ऋण अशा दोन पुरवठा-मार्गांपैकी उरलेल्याच्या) कपॅसिटरचीही हीच व्यवस्था करावी. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीकडचे जोड, फ्यूज आणि स्विच स्लीव्हने पूर्ण झाकलेले नसतील, तर आधी ते झाकावेत आणि मगच चालू अवस्थेतली तपासणी हाती घ्यावी.

चांगले स्पीकर या काळात दूर ठेवावेत. आउटपुटवर एखाद्या क्षणी पूर्ण ३५ व्होल्ट डीसी आले आणि व्हॉइस कॉइलचा रोध ६ ओहम असला, तर तिच्यात सुमारे २०० वॉट नुसती उष्णता म्हणून ओतले जातात. ८ ओहम, ५० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर भार म्हणून लावावा आणि ऐकण्यासाठी त्याला समांतर, १०० ओहमच्या रेझिस्टरमधून, एखादा जुना छोटा स्पीकर जोडावा. टीडीए७२९७ सारख्या ब्रिज पद्धतीच्या अँप्लिफायरमध्ये स्पीकरचे एकही टोक ग्राउंड नसते, हे मीटरची किंवा ऑसिलोस्कोपची क्लिप लावताना विसरू नये.

चाचणीचा टोन म्हणून फोनवरून इनपुटला २०० हर्ट्झची साइन लहर द्यावी. साध्या मल्टिमीटरची एसी श्रेणी काही शे हर्ट्झपर्यंतच विश्वासार्ह असते, त्यामुळे १ किलोहर्ट्झच्या टोनवर तो खोटे आकडे दाखवू शकतो. ज्या मीटरची सर्वांत लहान एसी श्रेणी २०० व्होल्ट असते तो या कामात निरुपयोगी आहे. २ व्होल्ट किंवा त्याहून लहान श्रेणीचा मीटर हवा.

दोष घडवून आणणे

आता त्या जुन्या छोट्या स्पीकरइतकेच महत्त्वाचे हत्यार म्हणजे एक सुकी लाकडी काडी. टोन चालू ठेवून, एक हात खिशात किंवा पाठीमागे ठेवून, काडीच्या टोकाने एकेक सुटा भाग हलकेच ढकलावा. टकटक करून संपूर्ण बोर्ड हादरवण्यात अर्थ नाही, कारण मग कोणत्या जोडाने उत्तर दिले ते कळत नाही. ढकलण्याचा जोर जितका कमी, तितके उत्तर नेमके. वायरींना हात घालण्यापूर्वी मात्र वीज बंद करावी आणि संशयित वायर सोल्डरच्या जवळ चिमट्याने अलगद ताणून पाहावी. आतले तांबे शाबूत असेल तर वायर ताणली जात नाही. तुटलेले असेल तर प्लॅस्टिकचे वेष्टन रबरासारखे लांबते. सोल्डर जेथवर वायरच्या तंतूंमध्ये शोषले जाते, नेमके तेथेच वायर कडक होऊन वाकताना तुटते आणि वरून काहीही दिसत नाही.

उष्णतेने येणारा दोष काडीला दाद देत नाही. पुठ्ठ्याला नाण्याएवढे भोक पाडून त्यातून हेअर ड्रायरचा झोत बोर्डाच्या एकाच भागावर सोडावा. चॅनेल गेला की गरम झालेल्या भागांवर न पेटणारा फ्रीझ स्प्रे बारीक नळीने एकेका जोडावर मारावा. ज्या जोडावर फवारल्याबरोबर आवाज परत येतो, तो आपला. दोन-तीन वेळा तापवून आणि थंड करून तोच जोड उत्तर देतो आहे, याची खात्री झाल्याशिवाय त्याला दोषी ठरवू नये.

कोणावर संशय घ्यावा

हळू आवाजात चॅनेल जातो आणि व्हॉल्यूम वाढवताच खट् होऊन परत येतो, हे लक्षण दिसले तर सर्वांत आधी स्पीकरच्या संरक्षक रिलेकडे पाहावे. तिच्या चांदीच्या संपर्कांवर काळाने विजेला अडवणारा पातळ थर चढतो. मोठ्या आवाजाचा व्होल्टेज तो थर भेदून जातो, हळू आवाजाचा भेदू शकत नाही. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये वॉटचा शंभरावा भाग शक्ती जात असते, तेव्हा त्यावर जेमतेम ०.२८ व्होल्ट असतात आणि प्रवाह ३५ मिलीअँपिअर असतो. उलट, अनेक पॉवर रिलेंच्या माहितीपत्रकात किमान भार ५ व्होल्टला १०० मिलीअँपिअर असा दिलेला असतो. १० अँपिअरची रिले बसवली की निश्चिंत झालो, असे बांधणाऱ्याला वाटते. रात्री ऐकणाऱ्याच्या बाबतीत अडचण नेमकी दुसऱ्या टोकाला असते.

खात्री करण्यासाठी चॅनेल गप्प झालेला असताना, व्हॉल्यूमला अजिबात हात न लावता, रिलेच्या बंद (म्हणजे जुळलेल्या) संपर्काच्या दोन टोकांमध्ये एसी व्होल्टेज मोजावा. चांगल्या संपर्कावर तो जवळजवळ शून्य असतो. तेथे टोनचा व्होल्टेज दिसला तर दोष सापडला. बंद अँप्लिफायरमध्ये ओहम मोजून रिलेला निर्दोष ठरवू नये, कारण त्या अवस्थेत हा संपर्क उघडाच असतो, आणि संपर्क बंद करून मोजले तरी काही क्षणांचा बरा आकडा हाती येतो. संपर्क कागदाने किंवा पॉलिशपेपरने घासण्याचा मोह होतो, पण वरचा थर गेला की ते आणखी लवकर काळे पडतात. नवी रिले लावणे हाच इलाज. चाचणीसाठीसुद्धा स्पीकर जोडलेला असताना रिलेला वायरने बगल देऊ नये.

याच मार्गातला दुसरा छुपा गुन्हेगार म्हणजे आत स्विच असलेला हेडफोन जॅक. स्पीकरचा सिग्नल त्याच्या पातळ पट्ट्यांमधून जात असेल, तर प्लग दहा वेळा आत-बाहेर करून फरक पडतो का ते पाहावे.

ड्राय सोल्डर वजनदार आणि तापणाऱ्या भागांच्या पायांशी आधी शोधावा: मोठे कपॅसिटर, कनेक्टर, पॉवर रेझिस्टर, चिपचे पाय. तिरप्या उजेडात भिंगातून पाहिले की पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसते. नुसत्या मंद चमकेवरून जोड वाईट ठरवू नये. शिसेरहित सोल्डर चांगला बसला तरी मंदच दिसतो. भेग असलेला जोड वरवर वितळवून भागत नाही. जुने सोल्डर पंपाने किंवा जाळीने काढावे, पाय खरवडून फ्लक्स लावावा आणि सुमारे ३५० अंश सेल्सिअसच्या टोकाने, दोन-तीन सेकंदांत, नवे सोल्डर भरावे.

एलएम३८८६ वापरणाऱ्यांनी आठवी, म्हणजे म्यूटची (आवाज बंद ठेवणारी) पिन, विसरू नये. त्या पिनमधून ०.५ मिलीअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह बाहेर जात असेल तरच चिप वाजते. ऋण रेलकडे जाणारा रेझिस्टर २२ किलोओहमचा आणि पुरवठा ३५ व्होल्टचा असेल, तर त्या रेझिस्टरवर सुमारे ३२ व्होल्ट दिसायला हवेत. चॅनेल जाताना हा आकडा ११ च्या खाली घसरला, तर सिग्नलचा मार्ग निर्दोष आहे आणि चिपला गप्प राहण्याचा हुकूम मिळतो आहे. उष्णता-संरक्षणाची परीक्षा बोटानेही होते, मात्र वीज बंद करून: चिप चटका देते आणि शेजारचे हीटसिंक कोमट आहे, तर स्क्रू सैल आहे किंवा मधला विद्युतरोधक अभ्रक नीट बसलेला नाही. ही चिप आतून १६५ अंशांच्या आसपास बंद होते आणि १५५ वर पुन्हा सुरू होते, म्हणून आवाज तुटत-तुटत येतो.

व्हॉल्यूम कंट्रोल खरखरत असेल तर वीज बंद करून, तेलकट थर न ठेवणारा कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून, तो वीस-तीस वेळा पूर्ण फिरवावा. तरीही खरखर राहिली तर मधल्या पायावर डीसी व्होल्टेज मोजावा. तेथे काही दहा मिलीव्होल्ट सापडले तर कंट्रोल बदलून उपयोग नाही, आधीच्या स्टेजचा कपलिंग (डीसी अडवणारा) कपॅसिटर बहुधा गळतो आहे. आरसीए सॉकेटचे नट आणि फ्यूजच्या क्लिपा घट्ट कराव्यात. स्क्रू टर्मिनलमध्ये वायरच्या टोकाला सोल्डर लावून ती बसवली असेल, तर ती कापून नव्याने सोलावी, कारण मऊ सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकते आणि घट्ट केलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल होतो.

दुरुस्तीनंतरची चाचणी झाकण लावूनच घ्यावी, कारण उघड्या पेटीतले तापमान बंद पेटीपेक्षा कमी असते. ज्या परिस्थितीत दोष पूर्वी घडत होता, तीच परिस्थिती मुद्दाम उभी करावी: माझ्या बाबतीत नवी रिले लावल्यावर पूर्ण थंड सुरुवात, हळू आवाज आणि तीन तासांचे वादन, असे ओळीने सात रात्री चालवले, आणि त्या सात रात्रींत व्हॉल्यूमच्या बटणाला एकदाही हात लावला नाही.