गोळी लागलेल्या जनावराचं पोस्टमॉर्टेम: या चुका टाळा

रात्री डुकराच्या शिकारीला गेलेले लोक बॅटरीत डोळे चमकले की चाप ओढतात आणि सकाळी मेलेली सापडते कोणाची तरी गाय नाहीतर पाडी. मग आम्हा जनावरांच्या डॉक्टरांना फोन. कोकणात इतकी वर्षं ही कामं करतोय, नवीन डॉक्टर चुका मात्र त्याच करतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे जनावर पडलंय तसंच ठेवून गोळीची दिशा ठरवणं. अरे, गोळी लागली तेव्हा ते उभं होतं ना! कातडी सैल असते, पुढचा पाय हलला की खांद्यावरची कातडी सरकते. एकदा एका रेडीच्या केसमध्ये ज्युनियरने कातडीवरचं भोक आणि बरगडीतलं भोक सरळ जोडलं आणि लिहून टाकलं, गोळी वरून आली. शेजारच्या शेतात माळ्यावर राखणीला एक आजोबा बसायचे, झालं, सगळा गाव त्यांच्यावर. मी गेलो, दोघांना लावून तो ताठरलेला पाय चरताना असतो तसा पुढे ओढला, तर चार बोटांचं अंतर असलेली भोकं समोरासमोर आली आणि मार्ग जवळपास आडवा निघाला. म्हणजे गोळी जमिनीवरून, बांधाकडून आलेली. तिकडे शोधलं तर १२ बोअरच्या बंदुकीचं रिकामं काडतूस, आणि आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या लायसन्सची ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायची, तिला काडतूस लागतच नाही. घाईत लिहिलेल्या एका ओळीने म्हातारा माणूस आत गेला असता.

एक्स-रे न काढता गोळी शोधायला सुरी लावू नका. मऊ शिसं आत फुटतं, तुकडे बोटाला लागत नाहीत. मोठं जनावर मशीनखाली बसत नाही म्हणता, मग तेवढा भाग कापून न्या, मी नेतो.

गोळी दात्यांच्या चिमट्याने ओढू नका, रायफलच्या नळीतल्या आट्यांच्या गोळीवर खुणा उमटतात, त्यांवर ओरखडे पडले की गोळी कुठल्या बंदुकीची हे मॅचिंग विसरा. मी चिमट्याला सलाईनची नळी चढवतो. धुवायची नाही, वाळवून कागदी पाकिटात, पंचांसमोर सील, मग मुंबईत कलिनाच्या फॉरेन्सिक लॅबला. प्लास्टिकमध्ये रक्त कुजतं.

मोठं भोक म्हणजे गोळी बाहेर पडल्याचं, असं धरू नका, कावळे आणि अळ्या कुठलंही भोक मोठं करतात. आधी फोटो, मग केस भादरून कडा बघा, आणि ते केस टाकू नका, जवळून झाडली असेल तर बंदुकीच्या दारूचे कण त्यातच अडकलेले असतात. जखमेत चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा सापडला तर घाण म्हणून फेकू नका, ठासणीच्या बंदुकीत दारूवर तोच ठासतात.