सेंट्रीच्या पीएचपी एसडीकेला स्वतःचा एचटीटीपी क्लायंट कसा जोडायचा

मी एका सहकारी बँकेचं पीएचपीतलं सॉफ्टवेअर सांभाळतो. तिथल्या सर्व्हरवरून बाहेर जायचं तर एकाच गेटवेतून, आणि तो क्लायंट सर्टिफिकेट (आपली ओळख पटवणारी डिजिटल फाइल) दाखवल्याशिवाय कुणालाच सोडत नाही. सेंट्री ही ॲपमधल्या एरर गोळा करणारी सेवा. तिचा एसडीके (ॲपमध्ये बसवायची लायब्ररी) जसाच्या तसा बसवला की तिथेच अडतो. प्रॉक्सी, प्रॉक्सीचा युजर-पासवर्ड आणि टाइमआउट यांची सोय ऑप्शनमध्येच आहे. तुमची अडचण तेवढीच असेल तर पुढच्या भानगडीत पडू नका, ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ भरा आणि जेवायला जा. क्लायंट सर्टिफिकेट हवं असेल तर मात्र स्वतःचा क्लायंट, म्हणजे रिक्वेस्ट पाठवणारा क्लास, लिहावा लागतो.

आधी व्हर्जन बघा. मी सांगतोय ते २०२३ मध्ये आलेल्या ४.० पासूनचं. त्याआधी ‘एचटीटीप्लग’ या बाहेरच्या लायब्ररीवर सगळा डोलारा होता. नेटवर त्याच काळातली उत्तरं अजून वर येतात, ती सरळ सोडून द्या. आता ‘एचटीटीपीक्लायंटइंटरफेस’ नावाचा एक इंटरफेस आहे आणि त्यात ‘सेंडरिक्वेस्ट’ ही एकच मेथड. तिच्या हातात रिक्वेस्ट आणि ऑप्शन्स येतात, तिने रिस्पॉन्स परत द्यायचा.

मेथडच्या आत फारसं काही नसतं. ऑप्शन्समधून डीएसएन (सेंट्रीचा पत्ता आणि की असलेली नोंद) घ्या, त्यालाच एन्व्हलपचा, म्हणजे माहितीचं पाकीट जिथे जातं तो, पत्ता विचारा, तो हाताने जोडत बसू नका. बॉडी ‘गेटस्ट्रिंगबॉडी’ने मिळते. ती नल आली तर ४०० कोडचा रिस्पॉन्स देऊन तिथूनच परत फिरा. हेडर एसडीकेचाच ‘एचटीटीपी’ नावाचा युटिलिटी क्लास बनवून देतो: एक कंटेंट-टाइपचा, दुसरा ‘एक्स-सेंट्री-ऑथ’चा. हे हेडर कर्लला (पीएचपीतून रिक्वेस्ट पाठवणारी लायब्ररी) लागतात तसे, म्हणजे ‘नाव: किंमत’ अशा सलग स्ट्रिंगांच्या यादीत येतात. गझल (Guzzle, पीएचपीची एचटीटीपी लायब्ररी) वापरत असाल तर पहिल्या कोलनवर तोडून नाव आणि किंमत वेगळी करा. बॉडी जीझिप करून पाठवलीत तर ‘कंटेंट-एन्कोडिंग’ हेडर स्वतः जोडा, तो कुणी आयता देत नाही.

गझल वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी आवर्जून बदलाव्यात. पहिली ‘एचटीटीपी_एरर्स’. ही मुळात चालू असते, त्यामुळे सर्व्हरने ४२९ (‘फार रिक्वेस्ट झाल्या’ सांगणारा कोड) दिला की गझल एक्सेप्शन फेकतं आणि ‘किती सेकंद थांबा’ सांगणारे हेडर एसडीकेच्या रेट लिमिटरपर्यंत पोचतच नाहीत. ती बंद करा आणि आलेले हेडर जसेच्या तसे रिस्पॉन्समध्ये भरा. दुसरी टाइमआउट. गझलचा मूळचा आकडा शून्य आहे, म्हणजे अनंतकाळ वाट बघणं. एसडीकेचा स्वतःचा क्लायंट जोडणीला २ सेकंद आणि एकूण ५ सेकंद देतो. तेच आकडे ऑप्शन्समधून उचलून गझलला द्या. पीएचपीत हे सगळं त्याच रिक्वेस्टच्या आत घडतं, मागे बसून पाठवणारा थ्रेड नसतो. सेंट्री गोगलगाय झाली की काउंटरवरच्या क्लार्कची स्क्रीनही तेवढा वेळ गोठते. मी तर एकूण वेळ २ सेकंदांवर आणून ठेवलाय. एखादी एरर हुकली तरी चालेल, पण रांग थांबायला नको.

सर्टिफिकेटसाठी गझलचे ‘सर्ट’ आणि ‘एसएसएल_की’ भरा, आणि ‘व्हेरिफाय’ला अंतर्गत सीएच्या (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेच्या) फाइलचा पत्ता द्या. तिथे फॉल्स टाकून, म्हणजे तपासणीच बंद करून, मोकळं व्हायचा मोह होतो. बँकेत तरी नकोच.

जोडणी तुटली तर कोड ०, हेडर रिकामे आणि एररचा मजकूर असा रिस्पॉन्स द्या. एक्सेप्शन सुटलं तरी एसडीकेचा पाठवणारा भाग, ट्रान्सपोर्ट, ते झेलून लॉगरकडे देतो, त्यामुळे ॲप पडणार नाही. पण तो लॉगरच पुन्हा सेंट्रीकडे एरर पाठवणारा असेल तर आपल्या हाताने चक्र सुरू होतं. या क्लायंटसाठी साध्या फाइलीत लिहिणारा लॉगर ठेवा.

आता ४२९ची खरी गोम. एसडीके ‘थांबा’ हे लक्षात ठेवतो, पण प्रोसेसच्या मेमरीत. एफपीएममध्ये (वेब रिक्वेस्ट हाताळणारी पीएचपीची सोय) रिक्वेस्ट संपली की ते विसरलं जातं आणि पुढची रिक्वेस्ट पुन्हा तेच दार ठोठावते. म्हणून मी क्लायंटमध्येच ४२९ आला की ‘रिट्राय-आफ्टर’चे सेकंद एपीसीयूमध्ये (रिक्वेस्ट संपल्यावरही टिकणारी पीएचपीची सामायिक मेमरी) टाकतो. ती मुदत संपेपर्यंत नेटवर्कला हातही न लावता आपणच ४२९ परत देतो. कमांड लाइनवर एपीसीयू मुळात बंद असतं, पण क्यू वर्कर (मागे रांगेतली कामं उरकणाऱ्या प्रोसेस) लांब चालतात, तिथे एसडीकेची स्वतःची आठवण पुरते.

जोडणं एका ओळीचं: ‘इनिट’च्या ॲरेत ‘एचटीटीपी_क्लायंट’समोर तुमच्या क्लासचा ऑब्जेक्ट. लारावेल फ्रेमवर्कच्या कॉन्फिग फाइलीत मात्र थेट ऑब्जेक्ट ठेवू नका, कॉन्फिग कॅश करताना बोंब होते.

तपासायला डीएसएनमध्ये होस्ट म्हणून १९२.०.२.१ टाका. हा पत्ता उदाहरणांसाठी राखीव आहे, तिथून उत्तर येत नाही. आता मुद्दाम एरर असलेलं पान उघडा. ते जोडणीच्या टाइमआउटपेक्षा फारसं जास्त अडकलं तर तुमचा आकडा गझलपर्यंत पोचलेला नाही. मग डीएसएन लोकल सर्व्हरकडे वळवा, त्याला नेहमी ४२९ आणि ‘रिट्राय-आफ्टर: ६०’ द्यायला लावा आणि तेच पान दोनदा उघडा. ॲक्सेस लॉगमध्ये एकच हिट दिसायला हवी.