‘पेन्टिमेंट’ खेळायला बसताना

‘पेन्टिमेंट’ हा व्हिडिओ गेम सुरू होतो तेव्हा समोर एक लिहिलेलं पान येतं आणि ते आपल्याच हातानं खरवडायचं असतं. अक्षरं निघून जातात, पान कोरं होतं. मी गेली कित्येक वर्षं अक्षरलेखन शिकवते, माझा दिवस टाक आणि शाईत जातो. दुसऱ्याच्या हातचं लिहिलेलं असं पुसताना मला बरं वाटलं नाही. खेळाच्या नावाचा अर्थ मात्र तिथेच आहे. चित्रकारानं आधी काढलेलं आणि मग रंगाखाली झाकलेलं काही काळानं वरच्या थरातून पुन्हा दिसू लागतं, त्याला इटालियनमध्ये ‘पेन्टिमेंटो’ म्हणतात. शब्दाचं मूळ पश्चात्तापात आहे.

ऑब्सिडियन या कंपनीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये काढलेला हा खेळ मी तीनदा पूर्ण खेळले. जॉश सॉयर त्याचे दिग्दर्शक. आधी तो पीसी आणि एक्सबॉक्सवर होता, फेब्रुवारी २०२४ पासून प्लेस्टेशन आणि स्विचवरही मिळतो. मराठीत नाही. इंग्रजी वाचावं लागतं आणि भरपूर वाचावं लागतं, कारण पात्रांना आवाज दिलेलेच नाहीत. नव्यानं खेळणाऱ्यांना हाताशी असावं म्हणून हे लिहिते आहे. खून कुणी केला वगैरे सांगणार नाही, काळजी नसावी.

गोष्ट जर्मनीतल्या बव्हेरियातली. आल्प्सच्या पायथ्याशी टासिंग हे गाव आणि त्याच्या डोक्यावर कियरसाऊ हा मठ. दोन्ही काल्पनिक, पण भोवतालचा काळ खरा. आपण आंद्रेआस मालर. तो न्यूरेंबर्गचा चित्रकार, उमेदवारी संपवलेला पण अजून उस्ताद न झालेला. मठाच्या लेखनशाळेत हस्तलिखितांची चित्रं रंगवायची आणि फावल्या वेळात स्वतःचं एक उत्तम काम पुरं करायचं, म्हणजे कारागीर संघ त्याला उस्ताद मानेल. साल १५१८. चर्चच्या कारभारावर आक्षेप घेणारे मार्टिन ल्यूथरचे पंचाण्णव मुद्दे निघून जेमतेम वर्ष झालंय, छापखाने येऊन साठ वर्षं उलटून गेलीत, आणि या मठात अजून हातानं पुस्तकं लिहिली जाताहेत. मग एक बॅरन, म्हणजे सरदार, पाहुणा म्हणून येतो, त्याचा मठातच खून होतो, आणि आळ येतो ब्रदर पिएरो या म्हाताऱ्या चित्रकारावर. तो आंद्रेआसचा जवळचा माणूस. त्याला वाचवायचं तर दुसरं नाव द्यावं लागतं, तेही काही दिवसांत.

पहिल्या खेपेला माझं जे चुकलं ते आधी सांगते. मी हा खेळ रहस्यकथेसारखा खेळले. सगळे धागे गोळा करायचे, एका ओळीत लावायचे आणि खुनी शोधायचा, असं धरून चालले होते. लोकांकडे गेले ते फक्त माहिती काढायला. एका घरी जेवायला बोलावलं होतं, तिथे गेले नाही, कारण मला वाटलं की त्यातून काही हाती लागणार नाही. शेवटी न्याय करायला आर्चडीकन, म्हणजे चर्चचा वरिष्ठ अधिकारी, समोर बसला तेव्हा माझ्याकडे चार अर्धवट संशय होते. मी एक नाव दिलं. त्या माणसाला मृत्युदंड झाला. मी वाट पाहत राहिले की आता खेळ सांगेल, बरोबर की चूक. खेळ ते सांगत नाही. शेवटपर्यंत सांगत नाही. हे आधी ठाऊक असलं तर तुम्ही पहिल्या दिवसापासूनच वेगळे वागाल, म्हणून हे एवढं फोडते आहे.

सुरुवातीला गप्पांच्या ओघात आंद्रेआसचा भूतकाळ ठरवायचा असतो. भटकंतीचं वर्ष इटलीत काढलं, फ्लँडर्समध्ये की बाझेलला, विद्यापीठात काय शिकला, स्वभाव कसा, पुस्तकातला किडा की मौजमजेचा. इथे हिशेब करत बसू नका. कुठलीही निवड घेऊन खेळ पुरा होतो. तरी माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला लॅटिन घ्या. मठात लॅटिन जागोजागी आहे, आणि ते येत नसलं तर मजकूर तुमच्यापुढे लॅटिनमध्येच राहतो. दुसऱ्या खेपेला मी ते घेतलं नव्हतं, तेव्हा पुस्तकासमोर नुसतं उभं राहण्याचा अनुभवही मोलाचा वाटला. गावातल्या बहुतेक माणसांची तीच तर अवस्था होती.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. निवडलेल्या विद्येमुळे संभाषणात जादा उत्तरं दिसतात, शेजारी खूण असते. ती दिसली की ती द्यावीच असं नाही. दुःखात असलेल्या माणसापुढे कायद्याचं कलम पाजळलं तर तो दुखावतो, आणि हे पुढे भोवतं.

कसं भोवतं ते सांगते, कारण खेळाचं खरं यंत्र हेच आहे. बोलता बोलता मधेच सूचना येते की हे लक्षात ठेवलं जाईल. पुढे कधीतरी त्या माणसाचं मन वळवायची वेळ येते, तेव्हा पडद्यावर यादी उघडते: तुम्ही पूर्वी काय बोललात, त्यातलं काय तुमच्या बाजूनं गेलं आणि काय विरुद्ध. बेरीज पुरेशी झाली तर माणूस ऐकतो, नाही तर नाही. फासे नाहीत, नशीब नाही. पहिल्या खेपेला अशा एका यादीत तीन दिवसांपूर्वीचं माझं एक वाक्य विरुद्ध बाजूला दिसलं. मी ते चटकन, विषय संपवायला म्हणून बोलले होते. तेव्हापासून मी उत्तर निवडण्याआधी थांबते आणि समोरच्याला काय हवंय ते पाहते. कुणाला बाजू घेणारा हवा असतो, कुणाला खरं बोलणारा, कुणाला नुसता ऐकणारा. ओटिलिया नावाची एक विधवा आहे, गावाशी आणि चर्चशी तिचं पटत नाही. तिच्याशी वाद जिंकायला जाऊ नका. तिला बोलू द्या.

मागे जाऊन उत्तर बदलायचा मोह आवरा. खेळ आपला आपण सेव्ह होत राहतो, आणि त्याची रचनाच पुढे जात राहायची आहे. चूक झाली तर ती घेऊन पुढचा दिवस काढा.

आता वेळ. दिवस मठाच्या प्रार्थनांनुसार चालतो, पहाटेच्या मॅटिन्सपासून रात्रीच्या कॉम्प्लाइनपर्यंत. त्या काळी अशा गावाला घड्याळ म्हणजे मठाची घंटा. नुसतं हिंडलात, बोललात, तर वेळ सरकत नाही. काही ठरावीक कामं हाती घेतली, की पुढचा प्रहर लागतो. म्हणून कुठलंही मोठं काम घेण्याआधी गावात आणि मठात एक फेरी मारा. प्रत्येकाला भेटा, गुरं राखणाऱ्यापासून मठातल्या भगिनींपर्यंत. मगच ठरवा. सगळे धागे एका खेपेत पुरे होत नाहीत, होऊ नयेत अशीच मांडणी आहे. दुसऱ्या अंकात, १५२५ मध्ये, तर वेळ आणखी आखडतो. मी शेजारी एक वही ठेवते: आज कुणाला भेटले, कोण कुणाचं कोण, कोण कुणावर रागावलंय. खेळातही रोजनिशी आहे, नकाशा आहे, माणसांची पानं आहेत आणि ती चांगली आहेत. पण हातानं लिहिलं की नाती माझ्या डोक्यात बसतात. या गावात नाती फार आहेत.

जेवणाचं आमंत्रण कधी टाळू नका, हे मी अनुभवानं सांगते. दुपारी किंवा रात्री कुणाकडे बसायचं ते तुम्ही ठरवता. टेबलावरच्या पदार्थांपैकी एकेक उचलायचा, घास घेतला की बोलणं पुढे सरकतं. पहिल्यांदा मी भराभर घास उचलले आणि बोलण्याकडे पाहिलं. तिसऱ्या खेपेला टेबल पाहिलं. शेतकऱ्याच्या घरी काय वाढलंय, मठात काय, सधन घरात काय, ताटं कशी आहेत, मुलं कुठे बसलीत. कर आणि अधिकार यांबद्दल पुढे जे भांडण पेटतं ते या टेबलांवर आधीच मांडून ठेवलेलं आहे. आंद्रेआस गावात गेर्टनर कुटुंबाकडे उतरलेला आहे. त्यांच्या घरातली लहानगी पोर सात वर्षांनी मोठी होऊन भेटते, तेव्हा आपण तिच्याशी पूर्वी कसे बोललो होतो ते आठवतं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. इथे जरा रेंगाळणार आहे.

प्रत्येक पात्राचं बोलणं फुग्यात लिहिलं जातं, आणि लिहिणारा हात प्रत्येकाचा निराळा. शेतकऱ्यांचं अक्षर ओबडधोबड. मठातल्या जुन्या वळणाच्या माणसांचं गॉथिक, दाट, उभं, काळंभोर. शिकलेल्या नव्या विचारांच्या लोकांचं मानवतावादी वळणाचं, गोल आणि मोकळं. छापखान्याचा मालक क्लाउस ड्रुकर बोलतो तेव्हा तर छपाईचे खिळे जुळवले जातात, शाई लागते आणि ठसा उमटतो. आवाजासकट. हेडफोन लावून खेळा, टाकाची करकर ऐकण्यासारखी आहे.

यातली खरी मेख अशी की ही अक्षरं त्या माणसांची नाहीत, आंद्रेआसच्या मनातली आहेत. समोरचा कोण असेल असं त्याला वाटतं, त्याप्रमाणे तो त्याला अक्षर देतो. त्यामुळे बोलता बोलता एखाद्याबद्दल नवं काही कळलं, तो शिकलेला आहे असं उमगलं, की त्याचं अक्षर तिथल्या तिथे बदलतं. हा बदल चुकवू नका. त्या क्षणी आंद्रेआसचा ग्रह मोडलेला असतो, आणि बहुतेक वेळा आपलाही.

आणखी जवळून पाहा. काही फुग्यांत शब्द चुकीचा लिहिला जातो, मग खरवडून दुरुस्त होतो. देवाचं नाव आलं की ती जागा आधी मोकळी सुटते, काळी ओळ पुरी होते आणि मग नाव लाल शाईत भरलं जातं. मध्ययुगीन लेखनशाळेत काम असंच चालायचं, आधी काळी शाई, मागाहून लाल. आपल्या जुन्या पोथ्यांतही लाल शाई अशीच खास जागांसाठी राखलेली दिसते, म्हणून मला ते ओळखीचं वाटलं. माणूस चिडला की शाईचे शिंतोडे उडतात. कुणाच्या बोलण्यात लाल अक्षर वारंवार येतं आणि कुणाच्या बोलण्यात कधीच येत नाही, हे नजरेनं टिपत राहा. श्रद्धा कुणाची किती, हे त्यातून न विचारता कळतं.

ही अक्षरं वाचायला जड जात असतील तर सेटिंगमध्ये सोप्या वाचनाचे फॉन्ट आहेत, ते खुशाल लावा. डोळ्यांवर ताण घेऊन कुणी खेळू नये. पण पहिला तासभर तरी मूळ अक्षरात काढून पाहा, नजर सरावते. अक्षरं उमटण्याचा वेग मात्र वाढवू नका, नाहीतर हे सगळं हातचं जातं.

अधोरेखित शब्द दिसला की तो दाबा. चित्र मागे सरतं, कळतं की आपण एका उघड्या पुस्तकाच्या पानात आहोत, आणि समासात त्या शब्दाची टीप असते. इतिहास ठाऊक नसला तरी या टिपांवर निभावतं. एकच गोष्ट आधी वाचून ठेवा: १५२४-२५ चं जर्मन शेतकऱ्यांचं बंड. मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन शहरात शेतकऱ्यांनी बारा कलमं मांडली. आपला धर्मगुरू आपण निवडू द्या, आम्हाला भूदास म्हणून बांधून ठेवू नका, जंगलातलं लाकूड आणि नदीतली मासोळी आम्हालाही घेऊ द्या, घरचा कर्ता मेला की त्याच्या विधवेकडून कर घेऊ नका. हे डोक्यात असलं की दुसऱ्या अंकातल्या प्रत्येक बैठकीत कोण कशासाठी जीव धोक्यात घालतोय ते समजतं.

मधेमधे छोटी कामं येतात, सूत कातणं, कणकेतून आकार कापणं. त्यांत हरणं-जिंकणं नाही. कातायला बायका जमतात तिथे नक्की बसा, त्या कातता कातता जे बोलतात ते अन्यत्र ऐकू येत नाही.

संशयिताचं नाव द्यायची वेळ आली की काय करायचं, असं मला विचारतात. पुरावा कुणाविरुद्धच पुरा होत नाही. मी वहीत दोन रकाने केले. एकात कोणाविरुद्ध काय सापडलं, दुसऱ्यात तो गेला तर मागे कोण उरतं. तिसऱ्या खेपेला मी दुसरा रकाना जास्त वेळ वाचला आणि नाव देताना हात जड झाला. तुम्हाला पहिल्या रकान्यावर ठरवावंसं वाटलं तरी खेळ अडवत नाही. मात्र नाव देऊन झालं की त्या घराकडे पुन्हा जा. पुढच्या अंकातही जा.

तिसरा अंक १५४३ चा. त्याबद्दल इतकंच सांगते की टाउनहॉलच्या भिंतीवर गावाचा इतिहास चितारायचा असतो, आणि काय रंगवायचं ते तुम्ही ठरवता. त्यासाठी पुन्हा घरोघर जावं लागतं, म्हाताऱ्यांना विचारावं लागतं. प्रत्येकाची आठवण वेगळी निघते. इथे घाई झाली तर भिंत तुमची राहत नाही. पूर्ण खेळाला पंधरा-वीस तास पुरतात असं धरा, मला पहिल्या खेपेला बावीस लागले. एका बैठकीत एकच दिवस, म्हणजे खेळातला दिवस, उरकायचा आणि उठायचं, हे मला मानवलं.

दुसऱ्यांदा खेळाल तेव्हा पहिल्यांदा ज्या घरी जेवला नव्हता तिथे आधी जा. मी गेले. पहिल्या खेपेला जे कुटुंब मला गर्दीतली चार माणसं वाटलं होतं, त्यातल्या आजीनं त्या टेबलावर मला बसायला जागा करून दिली.